रंगीत फिल्मची दुसरी परीक्षा

टिटवाळ्याच्या महागणपतीची ख्याति विवाह जुळविणारा देव अशी आहे. त्यामुळें तेथें दर्शनास गेलेल्या नवदांपत्यांचीं रंगीत छायाचित्रें कल्याण-ठाणें भागांतील कित्येक घरांत जपलेलीं असतात. कागदावरील प्रती आतां विटूं लागल्या आहेत. म्हणून मूळ निगेटिव्ह स्कॅन करावयास काढली, तर शालूचा लाल रंग विटकरी व हळदीचा पिवळा हिरवट उतरतो. असें कां व्हावें, याचें उत्तर रंगीत फिल्मच्या इतिहासांत आहे.

आपल्याकडे या प्रश्नाची पहिली मोठी प्रचीति १९३३ सालीं आली. प्रभात कंपनीच्या ‘सैरंध्री’ चित्रपटाच्या रंगीत प्रती काढविण्यासाठीं व्ही. शांताराम यांस जर्मनीस जावें लागलें. चित्रण येथें झालें, रंगसंस्कार तेथें झाले. पण पडद्यावर अपेक्षित रंग कांहीं उतरले नाहींत. फिल्मची खरी परीक्षा कॅमेऱ्यांत होत नसून तिच्यावरून दुसरी प्रत निघते तेव्हां होते, हाच या प्रसंगाचा बोध होय.

कोडॅकनें १९४२ सालीं कोडाकलर ही रंगीत निगेटिव्ह बाजारांत आणली. तिच्यांतील रंगद्रव्यें शुद्ध नसतात. किरमिजी द्रव्य थोडा निळा प्रकाशहि शोषून घेतें, आणि निळसर द्रव्य थोडा हिरवा. हा दोष भरून काढण्यासाठीं पुढें फिल्मच्या थरांतच रंगीत घटक मिसळण्यांत आले. निगेटिव्हवर दिसणारी नारिंगी छटा ती हीच. परंतु ही योजना छपाईच्या कागदासाठीं होती. स्कॅनरला ती छटा हिशेबानें वजा करावी लागते, व तो हिशेब चुकला कीं शालू विटकरी होतो. तेव्हां पुष्कळदा दोष फिल्मचा नसून उलटविण्याचा असतो.

एकविसाव्या शतकांत उत्पादकांनीं ही दुसरी परीक्षा ओळखली. २००८ सालची एक्टार १०० व २०१० सालची नवी पोर्ट्रा ४००, या दोन्ही फिल्म स्कॅनिंग डोळ्यांपुढें ठेवूनच काढल्या गेल्या. एक्टारचा कण अतिशय सूक्ष्म. मात्र तिचे रंग भडक असून गव्हाळ चेहरा तांबूस दिसूं शकतो. म्हणून लग्नकार्यास पोर्ट्रा व निसर्गदृश्यास एक्टार, अशी निवड आम्हांस योग्य वाटते. कोणतीहि घेतली तरी प्रकाश किंचित् अधिक द्यावा. कमी प्रकाशांत घेतलेल्या निगेटिव्हच्या छाया स्कॅनमध्यें खरबरीत होतात.

जुन्या निगेटिव्हच्या बाबतींत मात्र निवडीला वाव नाहीं. त्यांतील रंगद्रव्यें अंधारांतहि हळूहळू फिकी होतात, आणि कोंकणच्या दमट पावसाळ्यांत जिलेटिनवर बुरशी धरते. तेव्हां आमच्या वाचकांनीं कपाटांतील पाकिटें पुढच्या पावसाळ्याच्या आंत बाहेर काढावीं, आणि स्कॅन करून झाल्यावरहि मूळ निगेटिव्ह टाकूं नयेत. उद्यां अधिक चांगला हिशेब करणारें यंत्र आलें, तर त्याला देण्यास आपल्यापाशीं तेवढेंच असेल.