विजापूरच्या बाजारातला तंबाखू

पुण्याहून निघालेला सोलापूर रस्ता लोणी काळभोर ओलांडून सोलापूरला जातो आणि तिथून पुढे विजापूर गाठता येतं. तंबाखूचा इतिहास सांगायचा तर या वाटेच्या दुसऱ्या टोकापासून सुरुवात करावी लागते. ‘हुक्का, तंबाखू ही सगळी मोगलांची देणगी’ असं बिनदिक्कत सांगणारे लोणीच्या टपरीवर भेटतात, तसे व्हॉट्सअ‍ॅपवरही भेटतात. प्रत्यक्षात मोगल दरबाराला तंबाखू दाखवला तो दख्खनने. आणि दख्खनला तो मिळाला फिरंग्यांकडून.

सिगारचा उगम त्याहून लांबचा. नोव्हेंबर १४९२ मध्ये कोलंबसने क्युबा बेटाच्या आतल्या भागात दोन माणसं पाठवली. त्यातला लुईस दे तोरेस हा दुभाषा धर्मांतरित यहुदी होता, त्याला थोडीफार अरबी येत होती. आपण आशियात पोहोचलो आहोत, तेव्हा अरबी चालेलच, हा कोलंबसचा हिशेब. त्याच वर्षाच्या जानेवारीत ग्रनाडाची शेवटची मुस्लिम सत्ता संपली होती, पण जगाच्या व्यापाराची भाषा म्हणून अरबीचा दबदबा स्पेनच्या खलाशांच्या डोक्यातून गेला नव्हता! तिथे अरबी कुणालाच कळली नाही. दिसली ती पानांची गुंडाळी पेटवून धूर ओढणारी माणसं.

पुढचा प्रवास पोर्तुगीज जहाजांचा. गोवा त्यांनी १५१० मध्ये आदिलशाहीकडूनच हिसकावला होता. शत्रुत्व राहिलं, व्यापारही राहिला. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इब्राहिम आदिलशहा दुसरा गादीवर असताना तंबाखू विजापुरात मिळत होता, आग्र्यात मात्र तो ठाऊक नव्हता.

हे आपल्याला कळतं ते असदबेगमुळे. आधी अबुल फजलच्या पदरी असलेला हा इराणी वंशाचा अधिकारी अकबराचा वकील म्हणून विजापूरला आला. आदिलशहाची मुलगी आणि शहजादा दानियाल यांचं लग्न ठरलं होतं, ते १६०४ मध्ये गोदावरीकाठी पैठणजवळ लागलं. असदबेगने आपल्या आठवणींत विजापूरच्या बाजाराचं कौतुक केलंय. तीस गज रुंद, दोन कोस लांब, स्वच्छ, प्रत्येक दुकानासमोर हिरवं झाड. दिल्ली-आग्रा पाहिलेला माणूस असं लिहितो तेव्हा ते गांभीर्याने घ्यायला हवं.

या शहरात त्याने तंबाखू घेतला. कसा निवडला तेही तो सांगतो: एक पान पेटवलं की बाकीचा आपसूक जळत राहावा, असा. सिगारचा जाणकार आजही हेच बघतो, मधेच विझणारी किंवा एका बाजूने जळत जाणारी त्याला चालत नाही. मग नळीची तयारी. दांडी सुमात्रातल्या आचेहून आलेली, तीन हात लांब, दोन्ही टोकांना जडावाचं काम. तोंडाशी लंबगोल यमनी अकीक. पेटवायला सोन्याचं भांडं. आदिलशहाने भेट दिलेल्या पानाच्या पिशवीत तंबाखू भरला आणि सगळं चांदीच्या तबकात मांडून अकबरासमोर ठेवलं.

बादशहाने विचारलं, हे काय? उत्तर खान-ए-आझम मिर्झा अजीज कोकाने दिलं: हा तंबाखू, मक्का-मदिनेत प्रसिद्ध आहे आणि औषध म्हणून आणलाय. कोका स्वतः १५९३ मध्ये हजला गेला होता, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन होतं. माल खपवताना पवित्र शहरांचं नाव घ्यायची ही युक्ती बरीच जुनी दिसते.

हकीम अडला. आपल्या ग्रंथांत याचा उल्लेख नाही, फिरंग्यांचं अनुकरण कशाला? असदबेगचं म्हणणं, प्रत्येक रीत कधीतरी नवीनच होती, आदमपासून हेच चालत आलंय. अकबराला ते पटलं. ग्रंथात नाही म्हणून दुसऱ्यांचं ज्ञान नाकारलं तर पुढे कसं जाणार, असा त्याचा सूर होता. युक्तिवाद म्हणून असदबेग जिंकला, आणि तो युक्तिवाद मला आजही आवडतो. फक्त तंबाखूपुरता खरा ठरला तो हकीम. न तपासलेलं औषध बादशहाला देऊ नका, एवढंच त्याचं मागणं होतं.

अकबराने दोन-तीन झुरके घेतले, सवय लावून घेतली नाही. अमीर-उमरावांनी मात्र मागून मागून नेला. मग व्यापारी विकू लागले आणि गोष्ट हाताबाहेर गेली. जहांगीरने १६१७ मध्ये बंदी घातली, इराणात शाह अब्बासनेही घातली. उस्मानी सुलतान मुराद चौथ्याने १६३३ मध्ये थेट मृत्युदंड ठेवला. कुठेही टिकली नाही. उलेमांमध्ये हराम, मकरूह की मुबाह हा वाद शतकभर रंगला. दमास्कसच्या अब्दुल गनी नाबुलुसींनी तर तंबाखू मुबाह असल्याचा स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

तमिळ ‘सुरुट्टु’वरून आलेला चिरूट आपल्याकडे साहेबांच्या आणि शौकिनांच्या हातात राहिला. गरिबाच्या वाट्याला विडी आली. तिच्यासाठी निपाणीच्या भागात तंबाखू पिकला आणि त्याच्या भावासाठी १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मेले.

आणि विजापूरच्या वाटेवरच्या सोलापुरात विडी वळणाऱ्या हजारो बायका आहेत, पद्मशाली आहेत तशा मुसलमानही. मजुरी हजार विड्यांवर. संध्याकाळी कारखान्यात विड्या तपासल्या जातात. नीट वळलेली नाही म्हणून जी विडी छाटली जाते, तिचे पैसे मिळत नाहीत.