रुप्याच्या नाण्यांची प्रतवारी आणि त्यांची साक्ष

रुप्याचीं जुनीं नाणीं विकत घेऊन जमविण्याची हौस ठाणें, कल्याण व डोंबिवली या नगरांत अलीकडे आमच्या वारंवार पाहण्यांत येऊं लागली आहे. पूर्वीं हा नाद बहुधा पोथ्या व जुनीं पत्रें गोळा करणाऱ्यांसच असे. आतां कचेऱ्यांत व कारखान्यांत काम करणारे तरुण गृहस्थही त्यांत पडत आहेत, ही संतोषाची गोष्ट होय. या नव्या मंडळींचा ओढा मुख्यत्वेंकरून ‘प्रतवारी केलेल्या’ नाण्यांकडे असतो. म्हणजे ज्यांची परीक्षा होऊन ज्यांस कांहीं अंक मिळाला आहे, व जीं पारदर्शक डबींत कायमचीं बंद केलेलीं आहेत, अशा नाण्यांकडे. ही पद्धति काय आहे, तिचा उपयोग कोठपर्यंत होतो आणि तिची मर्यादा कोठें पडते, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, अंकावरून नाणें किती कमी झिजलें हें कळतें. परंतु तें कोठें सांपडलें व कोणाकोणाच्या हातून गेलें हें कळत नाहीं. इतिहासाच्या अभ्यासकास तर या दुसऱ्या माहितीचीच गरज अधिक असते.

(१) परीक्षेची जुनी परंपरा

नाण्याची प्रत लावणें ही गोष्ट आपल्याकडे नवीन नाहीं. ‘रुपया’ या शब्दाचें मूळ जें ‘रूप्य’, त्याची व्युत्पत्ति पाणिनीनें अष्टाध्यायींत (५.२.१२०) दिली आहे. ‘रूप’ या शब्दास प्रत्यय लागून ‘आहत’, म्हणजे ठोकून छाप उठविलेलें, या अर्थीं तो शब्द सिद्ध होतो. कौटिलीय अर्थशास्त्र शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं प्रसिद्ध केल्यापासून टांकसाळीची जुनी व्यवस्था आपणांस तपशिलानें कळली. त्यांत नाणीं पाडणारा लक्षणाध्यक्ष निराळा आणि तीं पारखणारा रूपदर्शक निराळा. रूपदर्शकानें नाण्यांचे दोन वर्ग ठरवावयाचे: एक व्यवहारांत चालण्याजोगीं, दुसरीं राजाच्या कोशांत भरण्याजोगीं. त्यावर शेंकडा ८ रूपिक, शेंकडा ५ व्याजी व शेंकडा एक अष्टमांश पारीक्षिक अशी आकारणी सांगितली आहे. परीक्षेचें शुल्क त्या काळींही द्यावें लागत असे, हें आजच्या संग्राहकांनीं ध्यानांत घ्यावें.

पुढें १३१८ सालीं दिल्लीच्या टांकसाळीशीं संबंध असलेल्या ठक्कुर फेरू यानें ‘द्रव्यपरीक्षा’ नांवाचा ग्रंथ रचिला. निरनिराळ्या देशांचीं नाणीं, त्यांचें वजन, त्यांतील रुप्याचें प्रमाण व त्यांचे दर त्यानें त्यांत नोंदले आहेत. हा ग्रंथ अनेक शतकें कोणाच्या ध्यानींमनीं नव्हता. नाहटा चुलत्या-पुतण्यांस त्याची प्रति कलकत्त्याच्या जैन भांडारांत मिळाली म्हणून तो वांचला. हस्तलिखितें जमविणाऱ्यांस याहून अधिक सांगणें नलगे.

मराठेशाहींत हेंच काम पोतदार व सराफ करीत. टांकसाळी बहुधा सरकारी सनदेनें सोनार-सराफांकडे सोंपविलेल्या असत, न्या. म. गो. रानडे यांचा या विषयावरील १८९९ सालचा निबंध प्रसिद्धच आहे. एकाच वेळीं अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे नाना तऱ्हांचे रुपये बाजारांत चालत; म्हणून कोणत्या रुपयांनीं फेड व्हावयाची हें खतांत व रोख्यांत स्पष्ट लिहावें लागे. एका जातीचा रुपया दुसऱ्या जातीशीं बदलतांना जी तूट पडे तो बट्टा. नांवास ‘बट्टा लागणें’ व माणूस ‘वाजवून घेणें’ हे आपले नित्याचे वाक्प्रचार सराफकट्ट्यावरूनच भाषेंत आले आहेत. सराफ परीक्षा करी तेव्हां कित्येकदां नाण्यावर बारीक छाप मारी किंवा टोंचा देई. तो टोंचा ही त्या परीक्षेची खूण होय.

(२) आजची प्रतवारी

हल्लींच्या प्रतवारीचें मूळ अमेरिकेंत आहे. विल्यम शेल्डन यानें १९४९ सालीं तेथील तांब्याच्या जुन्या सेंटांसाठीं १ पासून ७० पर्यंत अंकांची एक मोजपट्टी बसविली. जेमतेम ओळखूं येण्याजोग्या नाण्यास १, व निर्दोष नाण्यास ७०. मूळांत ती किंमतीच्या प्रमाणावरून काढलेली होती. पुढें हीच पट्टी सर्व जातींच्या नाण्यांस लावण्यांत आली, आणि तिच्या आधारें नाणीं तपासून डबींत बंद करून देणाऱ्या दोन मोठ्या संस्था, पी.सी.जी.एस. १९८६ सालीं व एन.जी.सी. १९८७ सालीं, तेथें निघाल्या.

या व्यवस्थेस नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. नवशिक्यास खऱ्याखोट्याची पारख नसते, आणि बाजारांत खोटें पुष्कळ असतें. उदाहरणार्थ, सहाव्या जॉर्जच्या छापाचा १९३९ सालचा रुपया घ्यावा. जुन्या प्रतीच्या, म्हणजे बारांत अकरा भाग रुपें असलेल्या रुपयांपैकीं हा शेवटचा. १९४० सालीं रुप्याचें प्रमाण निम्म्यावर आणलें गेलें. हा रुपया दुर्मिळ असल्यामुळें त्याच्या नकला फार आहेत, व दुसऱ्या सालाचा अंक कोरून फिरवून केलेल्या नाण्यांचेंही भय असतें. अशा नाण्यास परीक्षकाच्या दाखल्याचा आधार असणें बरें. मात्र डब्या व चिठ्ठ्या यांच्याही नकला निघाल्या आहेत. यास्तव चिठ्ठीवरील क्रमांक त्या संस्थेच्या नोंदींशीं ताडून पाहिल्याखेरीज पैसे देऊं नयेत.

परंतु या मोजपट्टीचा एक स्वभाव आहे. घासून उजळलेलें, भोंक पाडलेलें, किंवा नाकें जोडून पुढें काढलेलें नाणें तिच्या दृष्टीनें सदोष. तें बहुधा अंकाशिवाय, नुसत्या दोषाच्या शेऱ्यासह परत येतें. नाणें टांकसाळींतून निघालें तसेंच राहावें, हा तिचा आदर्श. म्हणजे जें नाणें कोणीं वापरलेंच नाहीं, तें उत्तम. इतिहासाचा आदर्श याच्या नेमका उलट पडतो, तो आपल्याच परिसरांतील उदाहरणांनीं दाखवितों.

(३) उत्तर कोंकणची साक्ष

सोपारें हें गांव २०१४ सालीं पालघर जिल्हा निराळा होईपर्यंत ठाणें जिल्ह्यांतच मोडत होतें. तेथील बुरुड राजाचा कोट म्हणून ओळखला जाणारा स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८२ सालीं उकरला. आंत अस्थिपेटिकेसमवेत यज्ञश्री सातकर्णीचें एक लहानसें रुप्याचें नाणें निघालें. त्यावर राजाचें मुख व नांव आहे. नाणें चांगल्या स्थितींत होतें हें खरें. परंतु त्याचें मोल त्या स्थितींत नाहीं. तें स्तूपाच्या गर्भांत सांपडलें, म्हणून तो निक्षेप या राजाच्या पूर्वींचा असूं शकत नाहीं, हें निश्चित झालें. तेंच नाणें कोणा उकरणाऱ्यानें गुपचूप विकलें असतें, तर आज त्यास मोठा अंक मिळाला असता, आणि स्तूपाचा काळ ठरविण्याचें साधन मात्र नाहींसें झालें असतें.

दुसरें उदाहरण नाशिकजवळच्या जोगळटेंभीचें. कल्याण बंदराचा माल ज्या घाटमाथ्यावर जाई, त्याच मुलखांतील हें गांव. तेथें १९०६ सालीं क्षहरात राजा नहपान याच्या रुप्याच्या नाण्यांचा सांठा सांपडला. रेव्हरंड स्कॉट यांनीं सुमारें १३,२५० नाणीं तपासलीं. त्यांतील दोनतृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप पुनः मारलेला आढळला. नहपानाचें मुख त्या छापाखालीं चेंगरलेलें आहे. निर्दोषपणाच्या मापानें हीं नाणीं बिघडलेलीं. परंतु नाशिकच्या लेण्यांतील बलश्रीच्या लेखांत क्षहरात वंशाच्या उच्छेदाची जी गोष्ट सांगितली आहे, तिचा उच्छेद झालेला राजा नहपानच, हें या बिघाडामुळेंच सिद्ध झालें. आणि सांठा एकत्र तपासला गेला नसता, तर छाप मारलेलीं किती व न मारलेलीं किती, हें प्रमाणही कळलें नसतें.

तिसरें उदाहरण शिलाहारांचें. ठाणें हें त्यांचें राजधानीचें शहर. साष्टींतील कान्हेरीच्या लेण्यांत शक ७७५ चा, दुसऱ्या कपर्दीच्या काळचा लेख आहे. त्यांत गौड देशच्या अविघ्नाकरानें शंभर द्रम्मांची अक्षयनीवि दिल्याचें नमूद आहे. हे द्रम्म रुप्याचे असावेत. त्या जातीचीं पुढील काळचीं जीं नाणीं मिळतात त्यांस संग्राहक ‘गधैया’ म्हणतात. इराणच्या सासानी राजांच्या नाण्यावरील मुख व अग्निवेदी यांची नक्कल पिढ्यानुपिढ्या होत होत शेवटीं रेघा व ठिपकेच उरले. अशाच जाडजूड, ओबडधोबड नाण्यांपैकीं कांहींवर नागरी अक्षरांत छित्तराजाचें नांव वाचण्यांत आलें आहे. याच राजाचा शक ९४८ चा ताम्रपट भांडुप येथें मिळालेला आहे. छाप वेडावांकडा, कड तुटकी. परंतु चार अक्षरें लागलीं, आणि ताम्रपटांतील राजा नाण्यावर उभा राहिला. गधैयाचा ढीग चांदीच्या वजनानें विकणाऱ्याच्या हातून अशीं अक्षरें किती आटलीं असतील, याची कल्पनाच करावी.

(४) एक प्रसंग

मागें डोंबिवलीचे एक तरुण गृहस्थ आमच्याकडे दोन रुपये घेऊन आले होते. पहिला १८६२ सालचा विक्टोरिया राणीचा, डबींत बंद, चांगल्या अंकाचा. तो त्यांस विकत घ्यावयाचा होता व एक दिवसासाठीं दाखविण्यास मिळाला होता. दुसरा त्यांच्या आजीच्या माळेंतील, नाकें जोडलेला व घांसलेला. पहिल्यासाठीं पैसे उभे करावयास्तव त्या माळेचे एकोणीस रुपये चांदीच्या भावानें सोनारास देण्याचा त्यांचा विचार होता.

आम्ही त्यांस प्रथम १८६२ च्या रुपयाविषयीं सांगितलें. ‘१८६२’ हें साल पुढें दहाबारा वर्षें नाण्यांवर तसेंच ठेवण्यांत आलें. मुंबईच्या टांकसाळींत पडलेल्या रुपयांवर जे बारीक ठिपके दिसतात, ते प्रत्यक्ष सालाची खूण असावेत असा अभ्यासकांचा तर्क आहे. मग भिंग देऊन माळेंतील रुपये एकेक करून पाहण्यास बसविलें. त्यांत १८३५ चा चौथ्या विल्यमचा एक, १८४० चे चार व ‘१८६२’ चे नऊ निघाले. नवांपैकीं सहांवर ठिपके होते आणि त्यांची मांडणी तीन प्रकारची होती. माळ कोणीं, कोठें व केव्हां करविली असें विचारतां, पणजीनें मुरबाडच्या बाजारांत करविली एवढें त्यांस ठाऊक होतें. एवढें लिहून ठेवा, असें आम्ही म्हटलें. त्या माळेस कोणी अंक देणार नाहीं. परंतु एका कुटुंबाची बचत कोणकोणत्या नाण्यांत सांठत गेली याचा तो पुरावा आहे, आणि तो मोडला कीं पुनः जुळणार नाहीं. माळ आज त्यांच्या घरींच आहे. डबी त्यांनीं परत केली.

(५) नवीन संग्राहकांस सूचना

प्रथम तोल व कस. १८३५ च्या कायद्याचा रुपया १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, अथवा ११.६६ ग्रॅम भरतो. तो दोऱ्यानें पाण्यांत टांगून तोलला असतां सुमारें १.१३ ग्रॅम हलका भरला पाहिजे. याहून फार फरक पडल्यास धातु निराळी समजावी. कडेच्या रेघा भिंगानें पाहाव्या. ओतीव नकलेवर बहुधा बारीक छिद्रें व बोथट अक्षरें असतात, आणि ती बद्द वाजते. अस्सल नाण्यांस मात्र वाजविण्यासाठीं फरशीवर आपटूं नये, व चिंच, राख किंवा पावडर लावून उजळूंही नये. काळवंडलेपणा हा नाण्याचा दोष नव्हे.

दुसरें कायद्याचें. भूमींत सांपडलेला दहा रुपयांहून अधिक किंमतीचा ठेवा १८७८ च्या कायद्याप्रमाणें जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळविणें बंधनकारक आहे. तसा ठेवा सराफाकडून विकत घेणें म्हणजे पुरावा नष्ट करण्यास साह्य करणें होय. १९७२ च्या पुरावस्तु कायद्यानें शंभर वर्षांहून जुनें नाणें देशाबाहेर नेण्याचा अधिकार केंद्र सरकार व त्यानें नेमलेल्या संस्था यांखेरीज कोणास नाहीं. विक्टोरिया व एडवर्ड यांचे सर्व, आणि पांचव्या जॉर्जचे १९२२ पर्यंतचे रुपये आज या मर्यादेंत येतात. म्हणून ‘परदेशीं पाठवून अंक आणून देतों’ असें कोणी म्हणाल्यास त्यापासून दूर राहावें.

तिसरी व मुख्य सूचना टिपणाची. प्रत्येक नाण्यासाठीं एक कागद करावा. त्यावर वजन, व्यास, दोन्ही बाजूंचा ठसा, सराफी छाप, विकत घेतल्याची तारीख, विकणाऱ्यानें सांगितलेलें प्राप्तिस्थान व तें कितपत विश्वसनीय वाटलें, इतकें लिहावें. सांठा मिळाल्यास तो फोडण्यापूर्वीं मोजून घ्यावा. घरांत जुनीं खतें असल्यास त्यांतील रुपयांचीं नांवें नाण्यांशीं ताडावीं. पत्रांचा संग्राहक व नाण्यांचा संग्राहक यांनीं एकमेकांकडे जाण्याची जरुरी येथेंच आहे. कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून व ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून या परिसरांत ग्रंथांची जोपासना करीत आहे. अशा संस्थांत प्रत्येक संग्राहकानें आपल्या टिपणांची एक प्रति ठेवल्यास नाणीं पुढें कोणाच्याही हातीं गेलीं तरी त्यांची हकीकत गमावणार नाहीं. ठाणें व कल्याण परिसरांतील ज्या वाचकांजवळ प्राप्तिस्थान निश्चित असलेलीं रुप्याचीं नाणीं असतील, मग तीं झिजलेलीं, भोंकें पाडलेलीं कां असेनात, त्यांनीं त्यांच्या याद्या व ठसे या त्रैमासिकाकडे पाठवावे, अशी आमची विनंति आहे.