रक्तपेशींवरील इन्सुलिन-बंधन आणि इन्सुलिन प्रतिरोध : परळच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
टोरांटो येथे १९२१ मध्ये बँटिंग व बेस्ट यांनी इन्सुलिनचा शोध लावला. त्यानंतर पाच वर्षांनी, १९२६ मध्ये, परळ येथे सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व के.ई.एम. रुग्णालय सुरू झाले. अध्यापक व चिकित्सक भारतीयच असावेत, या अटीवर उभी राहिलेली ही संस्था गिरणगावातील कामगारांचा मोठा आधार ठरली. इन्सुलिन मिळूनही काही रुग्णांवर त्याचा परिणाम कमी का होतो, हा प्रश्न मात्र शिल्लक होता. १९३६ मध्ये हिम्सवर्थ यांनी मधुमेहाचे इन्सुलिन-संवेदनशील व इन्सुलिन-असंवेदनशील असे दोन प्रकार दाखवून दिले. या प्रश्नाच्या पुढील शोधात रक्तपेशींच्या पुराव्याचे मोल काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :
पेशीवर किती इन्सुलिन बांधले जाते हे मोजण्यासाठी ते किरणोत्सारी आयोडिनने अंकित करावे लागते. मुंबईत अशा तंत्राची पायाभरणी ट्रॉम्बे येथील 'अप्सरा' अणुभट्टीने (१९५६) केली. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या व परळ येथे असलेल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरने किरणोत्सारी आयोडिनचा वैद्यकीय वापर येथे रुजविला.

यकृत, स्नायू व मेद ही इन्सुलिनची मुख्य कार्यक्षेत्रे होत. परंतु जिवंत रुग्णाच्या या ऊती वारंवार काढणे शक्य नसते. रक्त सहज मिळते. १९७५ मध्ये आर्चर, गॉर्डन व रॉथ यांना लठ्ठ व्यक्तींच्या पांढऱ्या पेशींवर इन्सुलिन-बंधन घटलेले आढळले. आहार कमी केल्यावर ते सुधारले. १९७७ मध्ये गंभीर व सहकाऱ्यांनी तांबड्या पेशींवरील मापनपद्धती मांडली.

येथे दोन मर्यादा लक्षात घेणे आवश्यक आहे. तांबड्या पेशीत ग्लुकोज शिरण्यास इन्सुलिन लागत नाही. शिवाय रक्तात इन्सुलिन दीर्घकाळ वाढलेले असल्यास ग्राहींची संख्या आपोआप घटते. म्हणजे घटलेले बंधन हे अनेकदा प्रतिरोधाचे कारण नसून परिणाम असतो. ग्राहीनंतरच्या संदेशवहनातील बिघाड अधिक महत्त्वाचा असल्याचे पुढील संशोधनाने स्पष्ट केले.

मापनाची अशीच मर्यादा पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दाखविली. त्यांचा व ब्रिटिश सहकारी युडकिन यांचा शरीरभार निर्देशांक सारखाच, २२.३ होता, मेदाचे प्रमाण मात्र अनुक्रमे २१.२ व ९.१ टक्के होते.

निष्कर्ष :
रक्तपेशींनी इन्सुलिन प्रतिरोध मोजण्याचा मार्ग खुला केला. त्याचे मूळ मात्र इतर ऊतींत शोधावे लागले. सोयीचे मापन म्हणजे रोगाचे कारण नव्हे. किरकोळ दिसणाऱ्या रुग्णास केवळ वजनावरून निर्धोक ठरविणे धोक्याचे आहे, हे भान वैद्यक व जीवशास्त्राच्या अध्यापनात राखले जावे.