माहूरला जाताय? एक दिवस जास्तीचा ठेवा. देवीच्या दर्शनासोबत गड, लेणी आणि डोंगरवाटा

मानवत : मानवत तालुका म्हणजे काळी, सपाट जमीन. इथल्या माणसाला डोंगरावरचं गाव बघायचं तर आधी आठवतं ते नांदेड जिल्ह्यातलं माहूर. अनेकांची कुलदेवता रेणुकामाता असल्यानं ही वारी नवी नाही. पण बऱ्याच गाड्या सकाळी पोचतात, दर्शन घेतात आणि संध्याकाळी परत फिरतात. त्यात अर्धं माहूर बघायचं राहून जातं आणि घाईत सगळ्यात जास्त हाल होतात ते म्हाताऱ्या माणसांचे. एक मुक्काम केला तर दोन्ही अडचणी सुटतात.

कसं जायचं?
रस्त्यानं परभणी, नांदेड, अर्धापूर, उमरखेड, महागाव असं जाऊन धनोडा इथून पैनगंगा ओलांडली की माहूर येतं. नांदेडपासूनच सव्वाशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे, म्हणून पहाटे निघालेलं बरं. पावसाळ्यात पैनगंगेला पूर असेल तर पुलाची चौकशी करूनच निघा. रेल्वेनं जायचं तर नांदेडमार्गे किनवट गाठावं लागतं. तिथून पुढं बस किंवा जीप.

पहिला दिवस : रेणुकामाता आणि रामगड
साडेतीन शक्तिपीठांपैकी माहूर हे पूर्ण पीठ. कोल्हापूर आणि तुळजापूर ही बाकीची दोन पूर्ण पीठं, तर वणीची सप्तशृंगी हे अर्धं. मंदिरात देवीचं फक्त मुख आहे. कुटलेल्या विड्याचा तांबूल हा इथला खास प्रसाद. वर जायला दोनशेहून जास्त पायऱ्या आहेत.

दर्शन झालं की शेजारच्या डोंगरावरचा रामगड किल्ला बघा. बहुतेक लोक हाच चुकवतात. तटबंदी, बुरूज, हत्ती दरवाजा आणि आतला तलाव निवांत फिरायला दोन-तीन तास लागतात. बहमनी काळात महमूद गवाननं वऱ्हाड सुभ्याचे दोन भाग केले, तेव्हा एकाचं ठाणं गाविलगड आणि दुसऱ्याचं माहूर होतं. १६६१ च्या उंबरखिंडीच्या लढाईत मोगलांकडून आलेली रायबागन ही माहूरचीच. किल्ल्यात गवत माजतं आणि दगड सुटे असतात. चप्पल नको, बूट घाला.

दुसरा दिवस : दत्तशिखर, अनसूया, लेणी
सकाळी लवकर दत्तशिखर गाठा. दत्तप्रभू रोज झोपायला माहूरला येतात, अशी श्रद्धा आहे. तिथून पुढच्या डोंगरावर अनसूयामातेचं मंदिर आहे. दत्तशिखरापर्यंत गाडी जाते. पण ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी दत्तशिखर ते अनसूया हा टप्पा पायीच करावा. दोन्ही बाजूंना सागाचं जंगल आहे.

उतरल्यावर मातृतीर्थ बघता येतं. परशुरामानं आईचे अंत्यविधी इथं केले, अशी कथा आहे. गावाला लागून खडकात कोरलेली राष्ट्रकूट काळातली लेणी आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. महानुभाव पंथाचं देवदेवेश्वर मंदिर आणि सोनापीर दर्गाही माहूरमध्येच आहेत.

परिक्रमा
राखी पौर्णिमेला हजारो भाविक जंगलवाटेनं माहूरगडाची पायी परिक्रमा करतात. पाऊस, चिखल आणि रात्रीची चाल असते. पहिल्यांदा जाणाऱ्यानं एकटं जाऊ नये. टॉर्च, काठी आणि माहितगार सोबती हवाच.

कधी जावं?
सोयाबीन घरात आलं आणि कापसाची पहिली वेचणी झाली की चार दिवस हात मोकळे होतात. तेव्हापासून जानेवारीपर्यंतचा काळ चांगला. नवरात्र आणि दत्तजयंतीला मोठी यात्रा असते. शांतपणे फिरायचं असेल तर ते दिवस टाळा. एप्रिल-मे महिन्यात दुपारी दगड तापतात, चालणं होत नाही. सहस्रकुंडचा धबधबा वाटेत जोडायचा असेल तर पावसाळ्यातच जावं लागेल. किनवट तालुक्यातलं उनकेश्वरचं गरम पाण्याचं कुंड मात्र कधीही बघता येतं.

म्हातारी माणसं सोबत असतील तर
पायऱ्या सकाळी ऊन चढायच्या आत चढा. दर पन्नास पायऱ्यांवर बसू द्या. बीपी-शुगरच्या गोळ्या खिशात ठेवा. मोठ्या बॅगेत, गाडीत राहिल्या तर उपयोग नाही. उपाशीपोटी दर्शनाचा हट्ट असेल तर निदान पाणी आणि गूळ जवळ असू द्या. किल्ला आणि पायवाटा त्यांच्यासाठी नाहीत. त्या वेळी त्यांना मुक्कामी आराम करू द्या आणि घरातलं एक माणूस सोबत ठेवा.

एवढं पाळा
माकडं हातातली पिशवी ओढतात, खायचं झाकून न्या. अंधार पडायच्या आत जंगलातून बाहेर या. काही ठिकाणी मोबाईलला रेंज मिळत नाही, म्हणून भेटायची जागा आधीच ठरवा. घाटात गाडी खालच्या गिअरमध्येच उतरवा. बुरुजावर, लेण्यांत नावं कोरू नका.