बिशप चार्ल्स वर्ड्स्वर्थ
वर्ड्स्वर्थ हें नांव आम्हांस कवितेमुळें परिचयाचें. कवीचे नातू मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजचे प्रिन्सिपॉल होते, हेंहि कांहींस ठाऊक असेल. कवीचा पुतण्या चार्ल्स (१८०६–१८९२) मात्र विस्मृतींत गेला.

ऑक्सफर्डला शिकत असतां केंब्रिजशीं पहिला क्रिकेट-सामना त्यानेंच जुळविला. वडील केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचे प्रमुख. तेव्हां प्रतिपक्षाशीं त्याचा घरोबाच होता! १८२७ च्या जूनमध्यें लॉर्ड्सवर झालेला हा सामना आज प्रथम श्रेणींत गणला जातो. ऑक्सफर्डच्या २५८ धावांपुढें केंब्रिजचा डाव ९२ वर आटोपला. सात गडी एकट्या चार्ल्सनें बाद केले. पण सामना अनिर्णित राहिला. १८२९ त हेन्ली येथील पहिल्या नौकाशर्यतींतहि वल्हें मारावयास तो होताच.

पुढें धर्मदीक्षा घेऊन १८५३ त तो स्कॉटलंडांत सेंट अँड्र्यूजचा बिशप झाला. तेथील बहुसंख्य लोक प्रेस्बिटेरियन; बिशप हें पदच त्यांस अमान्य. त्यांचें व आपल्या पंथाचें ऐक्य व्हावें म्हणून तो अखेरपर्यंत लिहीत, बोलत राहिला. तें ऐक्य झालें नाहीं. तरी त्याचा हा हरलेला डावच आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. तो वारला त्या सालींहि ऑक्सफर्ड व केंब्रिज लॉर्ड्सवर झुंजलीं होतीं.