केंटकी राज्य दक्षिणेचे की उत्तरेचे?



आपल्या पोराबाळांना केंटकी हे नाव माहीत आहे ते कोंबडीच्या दुकानाच्या पाटीवरून. पाटीवर पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा हसत असतो. आमच्या शेजारच्या, कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने मला विचारले, "काका, हे केंटकी अमेरिकेच्या दक्षिणेत धरतात का हो? कोणी हो म्हणतं, कोणी नाही म्हणतं." प्रश्न साधा वाटला. पण मिळेल ते वाचत गेलो तेव्हा कळले की याचे उत्तर नुसत्या नकाशात सापडणार नाही, त्यासाठी गुलामगिरीचा इतिहास चाळावा लागेल. तेच चार शब्द या स्मरणिकेच्या निमित्ताने आपणापुढे मांडतो.

आधी त्या म्हाताऱ्याचेच घ्या. हार्लंड सँडर्स यांचा जन्म १८९० साली इंडियाना राज्यात झाला, म्हणजे केंटकीच्या उत्तरेला, ओहायो नदीपलीकडे. केंटकीत कॉर्बिन गावी त्यांची खानावळ होती. परंतु त्या नावाची पाटी पहिल्यांदा लागली ती १९५२ साली दूर पश्चिमेला, युटा राज्यात. केंटकी म्हटले की दक्षिणेकडचा पाहुणचार डोळ्यांसमोर येतो, म्हणून ते नाव घेतले. आणि 'कर्नल' ही पदवी काही लढाईतली नव्हे, ती तिथल्या गव्हर्नरने दिलेली मानाची पदवी. म्हणजे दक्षिणी माणसाचा पोशाख कोणालाही घालता येतो. तेव्हा नुसते खाणेपिणे, बोलण्याचा हेल आणि कपडे बघून निकाल देऊन चालणार नाही.

आता अमेरिकेत 'दक्षिण' म्हणजे काय ते पाहू. १८६० साली त्या देशात १५ राज्यांत गुलामगिरी कायद्याने चालू होती. त्यातली ११ राज्ये फुटून निघाली आणि १८६१ ते १८६५ हे यादवी युद्ध झाले. डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिसुरी ही चार राज्ये गुलाम ठेवूनही संघराज्यातच राहिली. यांनाच सीमावर्ती राज्ये म्हणतात. आजही अमेरिकेचे जनगणना खाते केंटकी, मेरीलँड आणि डेलावेअर यांना दक्षिणेत घालते आणि मिसुरीला मध्य-पश्चिमेत. सरकारी कागदावरही एकवाक्यता नाही, मग लोकांत वाद होणारच.

केंटकी उत्तरेचे म्हणणारे सांगतात की ते फुटले नाही. अब्राहम लिंकन तिथेच १८०९ साली जन्मले. तिथली माणसे संघराज्याच्या बाजूने जास्त लढली, बंडखोरांकडून कमी. हे सर्व खरे आहे. पण बंडखोरांचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस हाही १८०८ साली तिथेच जन्मला, आणि बंडखोरांच्या झेंड्यावर जे १३ तारे होते त्यात एक केंटकीचा होता.

कोणी म्हणेल, केंटकीत कापूस फारसा पिकत नव्हता, मग ते दक्षिणेचे कसे? या ठिकाणी मला गिरणीतला अनुभव सांगावासा वाटतो. कापसाची गासडी फोडताना आधी वरची पट्टी तोडावी लागते, मग गोणपाट सोडवावे लागते, तेव्हा कुठे कापूस हाताला लागतो. केंटकीत तंबाखू पिकायचा आणि हेम्प नावाचे, भांगेच्या जातीचे, धाग्याचे पीक निघायचे. त्या हेम्पचे दोर आणि गोणपाट बनवत आणि त्यातच खालच्या दक्षिणेतल्या कापसाच्या गासड्या बांधत. ते हेम्प झोडपायचे, दोर वळायचे काम गुलामांकडूनच करून घेत. म्हणजे गासडीतला कापूस मिसिसिपीचा असला तरी तिला आवळणारा दोर केंटकीचा होता. युद्धात हा अमेरिकन कापूस अडला, तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांनी आपल्याकडचा कापूस उचलला आणि मुंबईचे व्यापारी रातोरात गबर झाले, हे आपण जाणतोच.

दोरापेक्षाही भयंकर माल केंटकीतून खाली जात होता, तो म्हणजे माणूस. १८६० च्या शिरगणतीत तिथे २,२५,४८३ गुलाम होते, म्हणजे दर पाच माणसांत साधारण एक. मालकाला पैशाची नड लागली की तो गुलामाला ओहायो आणि मिसिसिपी नदीवाटे खाली, कापसाच्या मळ्यांकडे विकायचा. आई एकीकडे, लेकरू दुसरीकडे. आणि त्याच ओहायो नदीच्या पलीकडे गुलामगिरी नसलेला मुलूख दिसत होता. १८५६ च्या जानेवारीत मार्गारेट गार्नर नावाची बाई लेकरांना घेऊन गोठलेल्या नदीवरून पळाली आणि सिनसिनाटी शहरात शिरली. पकडणारे दाराशी आले तेव्हा, परत गुलामीत जाऊ नये म्हणून तिने आपल्या लहान मुलीचा जीव घेतला. कोर्टाने तिला मालकाच्या हवाली केले, मालकाने तिला खाली दक्षिणेत धाडले. त्या माउलीला विचारा केंटकी दक्षिण होते की नाही!

आता युद्धाचा काळ पाहा. १ जानेवारी १८६३ ला लिंकन यांनी गुलाममुक्तीचा जाहीरनामा काढला. तो बंडखोर मुलुखापुरता होता. केंटकी 'निष्ठावंत', म्हणून तिथले गुलाम गुलामच राहिले. तेव्हा तिथल्या काळ्या माणसांनी दुसरी वाट धरली. फौजेत भरती झाले की स्वातंत्र्य मिळत होते. केंटकीतून सुमारे २४,००० काळे शिपाई उभे राहिले, त्यातले हजारो कँप नेल्सन नावाच्या छावणीत भरती झाले. बायका-पोरेही त्यांच्यामागून छावणीत आली. १८६४ च्या नोव्हेंबरात, कडाक्याच्या थंडीत, छावणीच्या अधिकाऱ्याने सुमारे ४०० बाया-मुलांना हुसकून लावले. त्यातली १०२ मेली. त्याचा बोभाटा झाला आणि मार्च १८६५ मध्ये शिपायांच्या बायका-मुलांना मुक्त करणारा कायदा झाला. म्हणजे तिथे स्वातंत्र्य वरून कोणी वाटले नाही, गुलामांनी ते जीव देऊन ओढून आणले.

मेरीलँडने १८६४ मध्ये आणि मिसुरीने जानेवारी १८६५ मध्ये आपणहून गुलामगिरी बंद केली. केंटकीने मात्र फेब्रुवारी १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीला नकार दिला. बंडखोर दक्षिण हरली, तिथले गुलाम सुटले, तरी 'निष्ठावंत' केंटकीत उरलेले गुलाम डिसेंबर १८६५ ला घटनादुरुस्ती लागू झाली तेव्हाच सुटले. त्या दुरुस्तीला केंटकीने मान्यता दिली ती थेट १९७६ साली!

युद्धानंतर तर केंटकी आणखीच दक्षिणी झाले. जिंकलेल्या बाजूचे राज्य, पण पुतळे उभारले हरलेल्यांचे. राजधानी फ्रँकफर्टच्या विधानभवनात लिंकनचा पुतळा होताच, त्याच दालनात १९३६ साली जेफरसन डेव्हिसलाही आणून उभे केले. तो हलवायला २०२० साल उजाडले. बेरिया गावी जॉन फी या गोऱ्या गुलामगिरीविरोधी धर्मोपदेशकाने १८५५ साली शाळा काढली होती. युद्धानंतर तिथे काळी-गोरी मुले एका बाकावर शिकत. १९०४ साली कायदा करून तेही बंद पाडले. १९०८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला.

परंतु एवढ्यावरच थांबलो तर तो अन्याय होईल. त्या निकालाला विरोध करणारे न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन हेही केंटकीचेच, गुलाम बाळगणाऱ्या घरातले. आधी ते स्वतः गुलाममुक्तीच्या विरोधात होते, पुढे बदलले. १८९६ साली रेल्वेत काळ्या-गोऱ्यांचे वेगळे डबे न्यायालयाने मान्य केले, तेव्हा एकट्या हार्लन यांनी विरोधी मत लिहिले. मुहम्मद अली १९४२ साली तिथल्याच लुईव्हिल शहरात जन्मला. १९६४ च्या मार्चमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्याबरोबर सुमारे १०,००० माणसे फ्रँकफर्टवर चालून गेली आणि १९६६ साली केंटकीने नागरी हक्कांचा कायदा केला. किंग यांनी त्याचे कौतुक केले ते दक्षिणेतल्या राज्याने केलेला सर्वांत भक्कम कायदा म्हणून. त्यांच्या हिशेबी केंटकी दक्षिणच होते.

तेव्हा त्या मुलाला मी सांगितले, "बाळा, केंटकी दक्षिणच. पण दक्षिण म्हणजे फक्त मळेवाल्यांचे वाडे आणि बंडखोरांचे झेंडे नव्हेत. कँप नेल्सनचे शिपाई, बेरियाचे बाक, फ्रँकफर्टचा मोर्चा हीसुद्धा दक्षिणच. संस्कृती नुसती मालकाची नसते, राबणाऱ्याचीही असते." आणि 'आम्ही सीमेवरचे, आम्ही त्यांच्याइतके वाईट नव्हतो' असे कोणी म्हणू लागले, तर त्याला विचारावे, तुमच्याकडचा शेवटचा गुलाम कधी सुटला? जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केले, ते गुलामांच्या सुटकेसाठी झटलेले लोक. केंटकीत ते थोडे होते, पण होते. एखाद्या मुलुखाची ओळख सांगताना त्यांनाही मोजावे आणि त्या १०२ बाया-मुलांनाही मोजावे, एवढीच विनंती करून हा लेख पुरा करतो.