सोळा वेळा नाव

तर मंडळी, या शनिवारी पुन्हा जुनं हार्डवेअर. ज्यांना कंटाळा आहे त्यांनी सरळ पुढच्या आठवड्यात यावं :)

२००७ सालची गोष्ट. आम्ही तेव्हा ठाण्याला कोपरीत राहायचो, रेल्वे लाइनच्या इतक्या जवळ की लोकल गेली की टीव्हीचा आवाज वाढवायचा. (ठाणेकर म्हटल्यावर इथे १८५३ सालच्या पहिल्या गाडीचा उल्लेख यायलाच हवा, पण मोह आवरतो.) ऑफिस ऐरोलीला. माझं सगळं चंबूगबाळं घरच्या डेस्कटॉपवर, त्यामुळे ऑफिसातून तो चालू करता यावा म्हणून मी दोन रविवार घालवून 'वेक ऑन लॅन' बसवलं होतं. बाहेरून एक छोटंसं पॅकेट पाठवायचं, घरचा मोडेम ते आत सोडणार, आणि बंद मशीन आपोआप सुरू होणार. ऑफिसातल्या चार जणांना बोलावून करूनही दाखवलं. भाव काय खाल्ला विचारू नका.

त्याच वर्षी एका रात्री बाबांच्या छातीत दुखायला लागलं. मी आणि आई त्यांना घेऊन हॉस्पिटलमध्ये. डॉक्टरांनी विचारलं, गेल्या वर्षीच्या अँजिओग्राफीत काय आलं होतं? मला आठवेना. आईला त्याहून नाही. रिपोर्ट मात्र मी स्कॅन करून ठेवला होता, घरच्या मशीनवर. डोंबिवलीच्या मित्राला फोन केला, म्हटलं तुझ्या घरून पॅकेट पाठव, मशीन उठलं की लॉगिन कर आणि रिपोर्ट मला फोनवर वाचून दाखव. पाच मिनिटांनी त्याचा फोन. "तीनदा पाठवलं रे. उठत नाहीये."

का उठलं नाही, हे सांगायला जरा मागे जावं लागेल.

१९९२ साली अमेरिकेत 'एनर्जी स्टार' योजना आली. वापरात नसताना कमी वीज खाणाऱ्या कॉम्प्युटरवर एक छोटी चांदणी छापलेली असे. पुढच्याच वर्षी तिथल्या सरकारने ठरवलं की सरकारी खरेदी अशाच कॉम्प्युटरची होईल. झालं, सगळ्या कंपन्यांची मशीनं झोपायला शिकली. वीज वाचली, पण ज्यांना रात्री ऑफिसातल्या शेकडो मशीनांवर नवीन सॉफ्टवेअर चढवायचं असे त्यांची पंचाईत झाली. झोपलेलं मशीन नेटवर्कवरून हाकेला ओ देत नाही. मग एकेका टेबलाशी जाऊन बटण दाबत फिरा, नाहीतर सगळ्यांना रात्रभर मशीन चालू ठेवायला सांगा, म्हणजे त्या चांदणीचा उपयोग काय?

१९९५ साली एएमडी आणि एचपी यांनी मिळून यावर तोड काढली, तिचं नाव 'मॅजिक पॅकेट'. कल्पना इतकी साधी आहे की राग यावा. कॉम्प्युटर झोपला तरी नेटवर्क कार्डावरची चिप जागी ठेवायची. तिने आलेलं पॅकेट समजून घ्यायचं नाही, उत्तर द्यायचं नाही, फक्त एक खूण शोधायची. ती खूण अशी: आधी सहा बाइट, ज्यांतला प्रत्येक बिट १ आहे. हे म्हणजे खाकरणं. त्यानंतर त्या कार्डाचा स्वतःचा मॅक ॲड्रेस, सहा बाइटचा, लागोपाठ सोळा वेळा. एकूण १०२ बाइट. पॅकेटमध्ये ही ओळ कुठेही सापडली की चिपने मदरबोर्डला इशारा द्यायचा, बास. सोळा वेळा कशाला? एखाद्या भलत्याच फाइलमध्ये योगायोगाने आपलं नाव आलं म्हणून मशीन दचकून उठू नये. सलग सोळा वेळा नाव योगायोगाने येत नाही.

इंटेल आणि आयबीएमची युती १९९६ सालची, 'वेक ऑन लॅन' हे नाव तिच्यातून पुढे आलं आणि तेच टिकलं.

खरी गंमत मात्र विजेची आहे. चिप जागी ठेवायची तर तिला जेवायला काहीतरी हवं. जुन्या एटी कॅबिनेटचं बटण थेट मेन लाइन तोडायचं, बंद म्हणजे ठार बंद. इंटेलने १९९५ साली एटीएक्स आणलं, त्यात पॉवर सप्लायमधून ५ व्होल्टची एक वेगळी तार दिली, जी कॉम्प्युटर बंद असतानाही जिवंत राहते. समोरचं बटण आता वीज तोडत नाही, मदरबोर्डला नुसती विनंती करतं. सुरुवातीला नेटवर्क कार्डापासून मदरबोर्डपर्यंत तीन तारांची एक चिमुकली केबल लावावी लागे: एक ५ व्होल्ट, एक अर्थिंग, एक इशारा. (ही केबल हरवलेली मंडळी हात वर करा.) १९९८ अखेरच्या पीसीआय २.२ मध्ये झोपेतली वीज आणि उठवायचा इशारा दोन्ही स्लॉटमधूनच मिळायला लागले आणि केबल गेली.

म्हणजे कॉम्प्युटर 'बंद' कधीच नसतो. पॉवर सप्लायपर्यंत वीज पोचत असेल तोवर तो फक्त झोपलेला असतो.

आता आमच्या कोपरीच्या घराचा नियम. बाहेर पडताना सगळी बटणं बंद. भारनियमनाच्या काळातलं घर, बिलाचा प्रत्येक युनिट मोजणारी आई. छातीत दुखणारा नवरा रिक्षात बसतोय, आणि ती हॉलमधून जाता जाता भिंतीवरचं कॉम्प्युटरचं बटण बंद करून आली होती. सवयीने. मोडेमचं बटण तेवढं चालू, कारण ते बंद केलं तर फोन जातो अशी तिची पक्की समजूत. त्यामुळे पॅकेट घरापर्यंत व्यवस्थित पोचलं. ऐकायला कोणी जागं नव्हतं.

आणि हे मित्राला कळायचा मार्गच नव्हता, कारण मॅजिक पॅकेटला पोच नसते. पाठवा आणि वाट पाहा.

हे पुढे मी शेजारच्या काकांना सांगितलं. ते रेल्वेच्या टेलिकॉम खात्यातून रिटायर झालेले. ते हसले. म्हणाले, अरे हे तर आमचं कंट्रोल फोनचं सिलेक्टर! एकाच तारेवर सगळी स्टेशनं. कंट्रोलर सतरा ठोके पाठवणार, तीन गटांत, एका गटात कमीत कमी दोन. गटांची वाटणी म्हणजे स्टेशनचं नाव. प्रत्येक स्टेशनातलं यंत्र ठोके मोजणार, पण घंटा वाजणार एकाच ठिकाणी. (मी घरी येऊन गणित केलं, अशा वाटण्या बरोब्बर ७८ होतात.) "आणि घंटा वाजली की कंट्रोलरच्या कानात परत आवाज यायचा. तुमच्यात तो नाही?" नाही काका.

आणखी एक गोष्ट आमच्यात नाही: कोण हाक मारतंय याची चौकशी. काही चिपमध्ये पासवर्डची सोय आली, पण तोही पॅकेटमध्ये उघडाच जातो. २०१९च्या सुमारास 'र्‍यूक' नावाच्या खंडणीखोर व्हायरसने याचा फायदा घेतला. नेटवर्कवरची झोपलेली मशीनं आधी मॅजिक पॅकेटने उठवायची आणि मग त्यांच्या डिस्कला कुलूप घालायचं. पुढच्याच वर्षी लॉकडाऊनमध्ये याच पॅकेटने लोक घरी बसून ऑफिसातली मशीनं उठवत होते.

त्या रात्री मी रिक्षाने कोपरी पूल ओलांडून घरी आलो, बटण लावलं, रिपोर्ट छापला, परत गेलो. पाऊण तास गेला. डॉक्टरांनी कागद अर्धा मिनिट पाहिला, मान हलवली, आणि एक औषध बदललं. बाबा चौथ्या दिवशी घरी आले.

आल्यावर मी बटणावर चिठ्ठी चिकटवली: 'बंद करू नये'. आईने विचारलं, बंद मशीन वीज किती खातं? मी म्हटलं धर ५ वॅट. तिने कॅलेंडरच्या मागे हिशोब मांडला, वर्षाला ४४ युनिट. "आणि तू महिन्यातून किती वेळा उठवतोस त्याला?"

खरं सांगायचं तर दोनदा. चिठ्ठी राहिली, पण रिपोर्टची झेरॉक्स तेव्हापासून आईच्या पर्समध्ये असते.